एलिझाबेथ ब्लॅकवेल : प्रवेशापूर्वीची वर्षे

अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविणारी पहिली स्त्री म्हणून एलिझाबेथ ब्लॅकवेलचे नाव आपणांपैकी बहुतेकांनी शाळेतच ऐकलेले असते. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात तिच्या वाट्याला एक ओळ येते व त्या ओळीत १८४९ हे साल असते. वक्तृत्व स्पर्धेत कोणी तिची कथा सांगितलीच, तर ती बहुधा जिनीव्हा कॉलेजातील विद्यार्थ्यांनी थट्टेने तिच्या बाजूने मत दिल्याची असते. कथा खरी आहे आणि मनोरंजकही आहे. परंतु तिचे चरित्र वाचताना मी थबकले ती या कथेच्या आधीच्या पानांवर.

याचे कारण सांगते. आमच्या वर्गात अशा अनेक जणी आहेत, की ज्यांना डॉक्टर किंवा परिचारिका व्हावयाचे होते. कोणाचे गुण कमी पडले, कोणाच्या घरी प्रवेश परीक्षेच्या शिकवणीची फी भरण्याची ऐपत नव्हती, तर कोणाच्या घरी धाकट्या भावंडांचे शिक्षण आधी आले. मीही त्यांतलीच एक. आज मी तृतीय वर्ष कला शाखेत इतिहास शिकते आणि संध्याकाळी दोन शिकवण्या घेऊन वह्या-पुस्तकांचा खर्च भागवते. त्यामुळे एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र हाती आले, की ती थोर कशी झाली यापेक्षा तिने फी कशी भरली, पुस्तके कोठून आणली आणि तयारी केव्हा केली, हेच प्रश्न माझ्या मनात आधी येतात. एलिझाबेथच्या चरित्रात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

तिचा जन्म ३ फेब्रुवारी १८२१ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरी झाला. वडील सॅम्युएल ब्लॅकवेल यांचा साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता. नऊ भावंडांत ती तिसरी. वडील विचारांनी पुढारलेले होते. मुलांना जे शिकवावयाचे तेच मुलींना शिकवावयाचे असा त्यांचा दंडक होता आणि त्यासाठी त्यांनी घरी शिक्षक ठेवले होते. गुलामगिरीचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. १८३२ मध्ये हे कुटुंब सुमारे सात आठवड्यांचा सागरप्रवास करून न्यूयॉर्कला आले. तेथेही धंद्याचा जम नीट बसला नाही. १८३७ च्या मंदीत तो कोलमडला आणि १८३८ मध्ये सगळे बिऱ्हाड ओहायो प्रांतातील सिनसिनाटी गावी हलले. तेथे पोहोचून थोडेच महिने झाले असतील, तोच ऑगस्टमध्ये वडिलांचे निधन झाले. त्या वेळी घरात वीस डॉलर शिल्लक होते, असे चरित्रकार सांगतात. एलिझाबेथ तेव्हा सतरा वर्षांची होती.

आई आणि थोरल्या दोन बहिणी, ॲना व मेरियन, यांच्यासह तिने घरातच मुलींची शाळा काढली. शिकविण्याची तिला फारशी आवड होती असे दिसत नाही. पण त्या काळी सुशिक्षित मुलीला अब्रूने पैसा मिळवून देणारा व्यवसाय जवळजवळ हा एकच होता. पुढे १८४४ मध्ये केंटकी प्रांतातील हेंडरसन या गावी वर्षाला चारशे डॉलर पगाराची नोकरी तिने धरली. तेथे तिने गुलामगिरी प्रथमच जवळून पाहिली. तिचे मन तेथे रमले नाही व ती लवकरच घरी परतली.

वैद्यक शिकण्याचा विचार या वेळेपर्यंत तिच्या मनाला शिवलाही नव्हता. उलट शरीर, रोग आणि औषधे यांचे नाव काढले तरी तिला शिसारी येत असे. शाळेत असताना एकदा शिक्षकांनी डोळ्याची रचना समजावी म्हणून बैलाचा डोळा वर्गात आणला होता. ते दृश्य पाहून तिला आलेली किळस ती पुढे कित्येक वर्षे विसरली नाही. तेव्हा तिला ही आवड जन्मजात होती असे जर कोणी सांगत असेल, तर त्याला या प्रसंगाची आठवण करून द्यावी. आवड नसलेल्या विषयाकडे ती वळली ती एका मैत्रिणीमुळे. ही मैत्रीण एका दुर्धर स्त्रीरोगाने अंथरुणाला खिळली होती. पुरुष डॉक्टरपुढे आपले दुखणे उघडे करताना होणारी कुचंबणा तिने एलिझाबेथला बोलून दाखवली आणि तुझी बुद्धी व प्रकृती चांगली आहे, तर तूच वैद्यक का शिकत नाहीस, असे तिला सुचवले. एलिझाबेथने प्रथम ती कल्पना झटकून टाकली. पण ती तिची पाठ सोडीना.

आता येथून पुढचा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. तिने ओळखीच्या डॉक्टरांना पत्रे लिहून विचारणा केली. त्यांच्या शेजारात राहणाऱ्या, पुढे ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीमुळे जगप्रसिद्ध झालेल्या हॅरिएट बीचर स्टो यांचाही सल्ला घेतला. सर्वांचे म्हणणे थोड्याफार फरकाने सारखेच होते. कल्पना उत्तम आहे, पण स्त्रीला प्रवेश कोणी देणार नाही, समाजाचा पूर्वग्रह आड येईल, आणि खर्च तर फारच मोठा आहे. हा खर्च सुमारे तीन हजार डॉलर धरला होता. हेंडरसनच्या पगाराशी ताडून पाहिले, तर एकही पैसा खर्च न करता साडेसात वर्षे नोकरी केली असती तेव्हा ही रक्कम जमली असती. घरात कर्ता पुरुष नाही, धाकटी भावंडे शिकत आहेत, आणि ज्या कॉलेजात जावयाचे त्याचे दार उघडेल याची काहीच शाश्वती नाही. असा हिशेब समोर मांडल्यावर तुम्ही-आम्ही काय केले असते?

एलिझाबेथने नोकरी शोधली. मात्र या वेळी ती शोधताना तिने पगाराबरोबरच दुसरीही एक गोष्ट पाहिली. नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिल येथे जॉन डिक्सन नावाचे एक धर्मोपदेशक शाळा चालवीत. धर्मोपदेशक होण्यापूर्वी ते डॉक्टर होते आणि त्यांच्याकडे वैद्यकाची पुस्तके होती. त्या शाळेत संगीत शिकविण्याचे काम तिने पत्करले. १८४५ च्या उन्हाळ्यात दोन भावांच्या सोबतीने, घोडागाडीने अकरा दिवस डोंगराळ मुलूख ओलांडून ती तेथे पोहोचली. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळी डिक्सन यांच्या कपाटातील ग्रंथ, असा तिचा क्रम सुरू झाला. पोटाचा उद्योग आणि पुढच्या शिक्षणाची तयारी या दोन्ही गोष्टी तिने एकाच छपराखाली आणल्या.

तिचे पहिले ‘विच्छेदन’ याच गावी झाले. शाळेतील एका सहकारी शिक्षिकेने गमतीने एक मेलेला भुंगेरा तिच्यापुढे आणून ठेवला व शरीरशास्त्राच्या अभ्यासाला याच्यापासून सुरुवात कर म्हणून सांगितले. एलिझाबेथने तो एका शिंपल्यात ठेवला, केसांतल्या आकड्याने दाबून धरला आणि छोटा चाकू हाती घेतला. पण हात पुढे होईना. बराच वेळ मनाशी झगडून अखेर तिने तो कापला. आत काय निघाले? थोडीशी पिवळसर भुकटी! कोणालाही हसू यावे असाच हा प्रसंग आहे. मला मात्र त्यात तिचा खरा अभ्यास दिसतो. पुस्तकातील नावे पाठ करणे तिला अवघड नव्हते. तिला जिंकावयाची होती ती स्वतःची किळस, आणि त्याची सुरुवात तिने एका किड्यापासून केली.

ॲशव्हिलची शाळा लवकरच बंद पडली. तेव्हा जॉन डिक्सन यांचे बंधू डॉ. सॅम्युएल हेन्री डिक्सन यांच्या घरी ती साउथ कॅरोलायनातील चार्ल्स्टन येथे राहावयास गेली. हे नामवंत डॉक्टर होते व तेथील वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. १८४६ मध्ये तिने गावातील एका वसतिगृहयुक्त मुलींच्या शाळेत संगीत शिकविण्यास प्रारंभ केला. पहाटे उठून शाळेपूर्वी वैद्यकाचे वाचन करावे, अडेल ते डॉक्टरांना विचारावे, आणि वैद्यकीय परिभाषेसाठी ग्रीक भाषेचा अभ्यास करावा, असे तिचे दिवस चालले. त्या काळी डॉक्टर होण्यासाठी कॉलेजातील व्याख्याने ऐकण्याच्या जोडीला एखाद्या जाणत्या डॉक्टरच्या मार्गदर्शनाखाली अभ्यास करणे आवश्यक समजत. ज्या घरात ती पोटासाठी राहत होती, त्याच घरात तिला हे मार्गदर्शनही मिळाले.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. ही बचत दक्षिणेकडील गुलामांच्या मालकांच्या मुलींना शिकवून झाली होती. ज्या घरांतून फी येत होती, त्या घरांतील सुबत्ता गुलामांच्या श्रमांवर उभी होती. एलिझाबेथला ही प्रथा मनापासून नापसंत होती. ॲशव्हिल येथे तिने गुलामांच्या मुलांसाठी रविवारची शाळा चालविण्याचाही प्रयत्न केला. परंतु गुलामांना लिहावाचावयास शिकविणे तेथे कायद्याविरुद्ध असल्यामुळे तोंडी धर्मशिक्षणापलीकडे जाता येईना. पैसा कोठून येतो हे तिला दिसत होते, त्याची तिला बोच होती, आणि तरीही तिने तो घेतला. गरजू विद्यार्थ्याला पैसा मिळविण्याचे मार्ग नेहमी निवडता येत नाहीत, हे खरे. पण तो पैसा सर्वस्वी निर्मळ होता असे म्हणून तिचे चरित्र सजविणे हेही खोटे ठरेल.

१८४७ च्या मे महिन्यात साठविलेले पैसे घेऊन ती जहाजाने फिलाडेल्फियाला गेली. हे शहर तेव्हा अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाचे माहेरघर होते. डॉ. विल्यम एल्डर यांच्या घरी तिची राहण्याची सोय झाली. डॉ. जोसेफ वॉरिंग्टन यांनी आपला ग्रंथसंग्रह तिला खुला केला आणि आपल्या रुग्णांकडे तिला सोबत नेले. प्रवेश मिळेपर्यंतचा वेळ फुकट जाऊ नये म्हणून तिने डॉ. ॲलन यांच्या खासगी वर्गात शरीररचनेचा अभ्यास सुरू केला. ॲलन यांनी मोठ्या समजूतदारपणे पहिल्या दिवशी तिच्यापुढे मानवी मनगट ठेवले. त्यातील स्नायुबंधांची गुंफण पाहून तिला भीतीऐवजी कौतुक वाटले. भुंगेऱ्यापाशी थरथरलेला हात दोन वर्षांनी मनगटापाशी स्थिरावला.

प्रवेशाच्या आघाडीवर मात्र नकारामागून नकार येत गेले. फिलाडेल्फियाची कॉलेजे झाली, न्यूयॉर्कची झाली. स्त्रियांनी हा धंदा सुरू केला तर आपल्याकडील रुग्ण कमी होतील, ही भीती कोणी उघड बोलून दाखवी. पुरुषाचा वेष घेऊन पॅरिसला जावे, असा सल्ला तिच्या काही हितचिंतकांनी दिला. तो तिने मानला नाही. आपले काम उघडपणे झाले तरच मागून येणाऱ्या मुलींना त्याचा उपयोग, अशी तिची धारणा होती. मग तिने लहान गावांतील बारा कॉलेजांची यादी केली व तेथे अर्ज धाडले.

त्यांपैकी एक न्यूयॉर्क प्रांतातील जिनीव्हा गावचे होते. स्वित्झर्लंडमधील प्रसिद्ध जिनीव्हा शहराचा या गावाशी केवळ नावापुरताच संबंध. तेथील प्राध्यापकांना डॉ. वॉरिंग्टनची शिफारस थेट डावलता येईना आणि स्त्रीला प्रवेशही द्यावयाचा नव्हता. त्यांनी युक्ती केली. प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला आणि एक जरी विरोधी मत पडले तरी अर्ज नामंजूर होईल असे जाहीर केले. विद्यार्थ्यांना वाटले, ही कोणीतरी केलेली चेष्टा आहे. त्यांनी आरडाओरडा करीत एकमताने ठराव संमत केला. २० ऑक्टोबर १८४७ चे ते स्वीकृतिपत्र हाती पडताच एलिझाबेथ निघाली व ६ नोव्हेंबरला जिनीव्हात दाखल झाली. तोपर्यंत सत्र सुरूही झाले होते.

या घटनेला नशीब म्हणावे काय? दार थट्टेने उघडले, यात शंका नाही. पण ते उघडले त्या वेळी ती दोन वर्षांचे वाचन, थोडे ग्रीक, शरीररचनेचा प्रत्यक्ष अनुभव आणि गाठीला पैसे घेऊन उभी होती. पत्र आल्यानंतर तयारी करावयाची असे तिने ठरविले असते, तर सत्र चालू झालेल्या वर्गात ती टिकली असती का? मला शंका वाटते.

पुढची कहाणी थोडक्यात सांगते. गावातील बायका तिच्याकडे टक लावून पाहत. ही एक तर वाईट चालीची असावी किंवा वेडी असावी, असे त्यांना वाटे. वर्गात मात्र मुले तिच्या उपस्थितीने शिस्तीत वागू लागली. जननेंद्रियांवरील पाठाला तिने येऊ नये, असे शरीररचनेचे प्राध्यापक वेबस्टर यांनी सुचविले, तेव्हा तिने शांतपणे पत्राने आपली बाजू मांडली आणि आपला हक्क राखला. १८४८ चा उन्हाळा तिने फिलाडेल्फियाच्या ब्लॉकली येथील गोरगरिबांच्या रुग्णालयात काढला. तेथील तरुण डॉक्टर ती येताच कक्षातून निघून जात व रोगनिदानाची नोंद रुग्णाच्या खाटेवरील पाटीवर लिहिण्याचे टाळीत. तिने स्वतःच निरीक्षणे केली आणि आयर्लंडहून येणाऱ्या निर्वासितांत पसरलेल्या टायफस ज्वरावर प्रबंध लिहिला. २३ जानेवारी १८४९ रोजी, वर्गात पहिला क्रमांक मिळवून, ती डॉक्टर झाली.

पदवी मिळाली म्हणजे वाट संपली असे नाही. अधिक अनुभवासाठी ती पॅरिसला गेली, तर तेथे पदवीधर डॉक्टर असूनही ला मातेर्निते या प्रसूतिगृहात तिला सुईणींच्या विद्यार्थिनींत बसावे लागले. नोव्हेंबर १८४९ मध्ये डोळ्यांचा संसर्गजन्य रोग झालेल्या एका बालकावर उपचार करताना दूषित पाणी तिच्या डोळ्यात उडाले. डाव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि शस्त्रवैद्य होण्याचे स्वप्न तेथेच संपले. ती खचली नाही. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात काही काळ काम करून १८५१ मध्ये ती न्यूयॉर्कला परतली. स्त्री डॉक्टरला जागा भाड्याने देण्यास घरमालक तयार नसत. १८५३ मध्ये तिने गरीब वस्तीत लहानसा दवाखाना काढला आणि १८५७ मध्ये धाकटी बहीण डॉ. एमिली व डॉ. मारी झाक्रशेफ्स्का यांच्यासह स्त्रिया व मुलांसाठी रुग्णालय उभारले. एमिलीनेही नोकरी करून शिक्षणाचे पैसे जमविले होते. ज्या जिनीव्हाने थोरल्या बहिणीला पदवी दिली, त्याने धाकटीला प्रवेश नाकारला. तिला १८५४ मध्ये क्लीव्हलंडहून पदवी घ्यावी लागली.

१८६८ मध्ये या भगिनींनी न्यूयॉर्कला स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय काढले. ज्या बाईला स्वतःला एवढे नकार मिळाले, तिने आपल्या कॉलेजात प्रवेश अगदी सोपा ठेवला असेल असे आपणांस वाटेल. प्रत्यक्षात तेथे प्रवेश परीक्षा होती आणि अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पायरीपायरीने चढत जाणारा होता. कच्च्या तयारीने आलेली विद्यार्थिनी नापास झाली, तर लोक सगळ्या स्त्रीजातीलाच नापास ठरवतील, हे त्या बहिणी अनुभवाने ओळखून होत्या.

१८६९ पासून एलिझाबेथ इंग्लंडमध्ये स्थायिक झाली. ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीत तिचे नाव १८५९ मध्येच लागले होते व तेथे नाव लागलेली ती पहिली स्त्री होती. १८७४ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयाशी ती निगडित होती आणि स्त्रीरोगशास्त्राची अध्यापिकाही झाली. ३१ मे १९१० रोजी हेस्टिंग्ज येथे तिचे देहावसान झाले. स्कॉटलंडमधील किलमन येथे तिची समाधी आहे.

या लंडनच्या विद्यालयाचे नाव मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या डॉ. रखमाबाई १८८९ मध्ये तेथेच शिकावयास गेल्या. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना प्रोत्साहन दिले आणि त्यांच्यासाठी निधी उभा करण्यास मदत केली. त्यापूर्वी सहा वर्षे, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, ते १८५० मध्ये, म्हणजे एलिझाबेथच्या पदवीच्या पुढच्याच वर्षी निघाले होते. आनंदीबाईंच्या प्रवासखर्चाची जुळवाजुळव, रखमाबाईंचा निधी आणि एलिझाबेथची शिकवणी यांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. एकीला समाजाने थोडाफार हात दिला, दुसरीच्या मागे समिती उभी राहिली, आणि तिसरीने बहुतांश भार स्वतः उचलला. पण तिसरीलासुद्धा डिक्सन बंधू, एल्डर आणि वॉरिंग्टन यांची दारे उघडी मिळालीच. केवळ जिद्दीवर कोणी डॉक्टर होत नाही. पुस्तकांचे कपाट उघडे ठेवणारे कोणीतरी लागते.

म्हणून हे चरित्र मला माझ्या मैत्रिणींना जसे वाचावयास द्यावेसे वाटते, तसे आमच्या प्राध्यापकांपुढेही ठेवावेसे वाटते. आमच्यापैकी काही जणी पदवीनंतर स्पर्धापरीक्षांना बसतील, काही शिक्षिका होतील, एखादी परिचर्येच्या अभ्यासक्रमाची वाट शोधील. बहुतेकींना आधी नोकरी धरावी लागेल. ती धरताना पगाराच्या आकड्याबरोबर आणखी एक चौकशी जरूर करावी : तेथे आपल्या पुढच्या अभ्यासाला उपयोगी पडेल असे ग्रंथालय, एखादा जाणता माणूस, निदान पहाटेचे दोन मोकळे तास मिळतील काय? आणि ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत, त्यांनी अशा एखाद्या मुलीला किल्ली देता येईल का, हे पाहावे. ॲशव्हिलच्या त्या धर्मोपदेशकाचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही. त्याच्या कपाटातील ग्रंथ मात्र एका मुलीने वाचले आणि त्यातून पुढे दोन देशांत स्त्रियांचे दवाखाने, रुग्णालये व विद्यालये उभी राहण्यास हातभार लागला.